मांजरपाट, दुहेरी

शिंपले अठ्ठेचाळीस. त्यांतले जिवंत अठ्ठेचाळीस. प्लॅस्टिकचे टब चार, पैकी तीन निळे आणि एक गुलाबी, कारण दुकानात निळे तीनच उरले होते. पाण्याचे कॅन चार. मत्स्यालयाला लावतात तसले हवेचे पंप दोन, चालणारा एक. थर्मामीटर एक, फूटपट्टी एक. वही एक, दोनशे पानी, पहिल्या पानावर तारीख २९ ऑक्टोबर १९९१. समुद्र शून्य.

ही शेवटची नोंद निर्मलकुमारनं वहीत केली नव्हती, पण करायला हवी होती. कारण तो समुद्राचं प्रदूषण मोजायला निघाला होता, आणि निघाला होता तो जळगावातून, वडिलांच्या घराच्या मागच्या पडवीतून. जवळात जवळचा समुद्र सुरतेच्याही पलीकडे, तीनशेहून अधिक किलोमीटरांवर. त्यानं तो एकदाच पाहिला होता, सहावीत, मुंबईला एका लग्नाला गेला असताना. पाहिला म्हणजे समुद्राची जागा पाहिली. तेव्हा ओहोटी होती.

पण त्याच्या हातात एक झेरॉक्स आली होती. परदेशातल्या एका नियतकालिकातला लेख, अकरा पानं, त्यातलं सातवं पान काळं आलेलं. लेखात असं होतं की समुद्रातले शिंपले दिवसभर पाणी गाळत बसतात, त्यामुळे पाण्यातलं तांबं, जस्त, पारा त्यांच्या अंगात उतरतो. मग त्यांच्या पेशीतलं एक जनुक जागं होतं आणि विषाला धरून ठेवणारं प्रथिन बनवा, असे निरोप धाडायला लागतं. हे निरोप म्हणजे आर.एन.ए. निरोप किती गेले ते मोजलं की पाणी किती बिघडलंय ते शिंपलाच सांगतो. निर्मलकुमारनं हे वाचलं त्या दिवशी तो जेवायला विसरला. एम.एस्सी. प्राणिशास्त्र, पहिला वर्ग, वय तेवीस. अशा माणसाला एवढं पुरतं.

अडचण इतकीच होती की त्या एकाच जनुकाचे निरोप वेगळे मोजायची साधनं जळगाव-धुळ्यात कुठंच नव्हती. धुळ्याच्या कॉलेजात सगळा आर.एन.ए. मिळून किती, एवढंच मोजता येत होतं. ऑर्सिनॉल घातलं की हिरवा रंग येतो, जितका गडद तितका आर.एन.ए. जास्त. म्हणजे गावात कुणाची तार आली का हे शोधायला पोस्टातली सगळी पोती तराजूवर टाकून वजन करण्यासारखंच ते होतं. निर्मलकुमारला हे माहीत होतं. तरी त्यानं वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'शिंपल्यातील जनुकांची अभिव्यक्ती', आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

समुद्रकाठच्या एका संशोधन केंद्रात कनिष्ठ संशोधकाची एक जागा निघाली होती. फॉर्मवर एक चौकोन होता: 'स्वतःच्या कामाचा प्राथमिक निष्कर्ष, दहा ओळींत, मार्गदर्शकाच्या सहीसह.' फॉर्म तीस नोव्हेंबरला पोचायला हवा. चौकोन रिकामा राहिला तर मार्गशीर्षापासून दुकानात बसायचं, असं वडिलांशी ठरलेलं होतं. वडील, चंपालाल, कापडाचे व्यापारी. त्यांना मुलाची घाई नव्हती, पण कापड मोजायचा दुसरा मीटर त्यांनी दुकानात आणून ठेवला होता.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजच्या प्रयोगशाळेचं पाणी बंद होतं म्हणून टब घरी आले. आणि घरात भुआजी होत्या.

भुआजी म्हणजे धनकुंवर, चंपालालजींच्या थोरल्या बहीण. वैधव्य आल्यापासून, म्हणजे निर्मलकुमारच्या जन्माच्याही आधीपासून, त्या याच घरात होत्या. सूर्य मावळायच्या आत जेवत, कंदमुळाला हात लावत नसत, आणि घरातलं पाणी त्यांच्या ताब्यात होतं. सकाळी साडेपाचला नळ आला की दुहेरी मांजरपाटाचं गळणं हंड्यावर बांधायचं, पाणी गाळायचं, मग गळणं उलटं करून त्यात अडकलेले जीव थोड्या पाण्यानं तांब्यात उतरवायचे, आणि जिथलं पाणी तिथं ते परत सोडायचे. हे चुकल्याचं निर्मलकुमारनं कधी पाहिलं नव्हतं. मांजरपाट दुकानातलंच, जाड विणीचं. चंपालालजी म्हणत, आमच्या ताईनं नाकारलेला तागा मी गिऱ्हाइकाला विकत नाही.

तर शिंपले आले त्या दिवशी भुआजी पडवीत येऊन टबांवर वाकल्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वैशाखात झालं होतं आणि तेव्हापासून त्यांना सगळंच जरा जास्त दिसत होतं.

"हे काय करतात रे?"

"पाणी गाळतात, भुआजी. एक शिंपला तासाला अर्धा-पाऊण लिटर गाळतो. दिवसरात्र."

भुआजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दिवसरात्र?"

"हो."

"मग आपल्यातलेच म्हणायचे की," त्या म्हणाल्या. "आणि तू यांचं काय करणार?"

"निरीक्षण."

"मग?"

"मग धुळ्याला नेणार. सरांकडे."

"धुळ्याला यांच्यासाठी तळं आहे?"

निर्मलकुमारनं हवेच्या पंपाची नळी उगाच सरळ केली. "तिथं व्यवस्था आहे," तो म्हणाला.

व्यवस्था होती. स्टीलची कात्री, चिमटा, बर्फाचा ट्रे आणि सेंट्रिफ्यूज, अशी ती व्यवस्था. पण ते त्यानं सांगितलं नाही. जैनाच्या पोरानं प्राणिशास्त्र घेतलं तेव्हाच घरात एकदा बोलणं झालं होतं, आणि 'आता सगळं सूक्ष्मदर्शकातून असतं' असं सांगून त्यानं ते मिटवलं होतं. सूक्ष्मदर्शकात ठेवायच्या आधी काय करावं लागतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

समुद्राच्या जागी गावातलं मेहरूणचं तळं होतं, आणि शिंपले आणणारा झुलाल तिथला भोई, पन्नाशीचा. सायकलच्या कॅरिअरला गोणपाट बांधून तो आला आणि पडवीत ओतून म्हणाला, "बठ्ठा जित्ता शेतस, भाऊ. मोजी ल्या."

निर्मलकुमारनं दोनदा मोजले.

"मोती काढतस का यास्माईन?"

"नाही हो. यांच्यात जनुकं असतात, ती—"

"मी तीस साल व्हई गया काढी राह्यनू," झुलाल म्हणाला. "यास्माईन चिखल निंघस. दुसरं काही निंघत नही."

पुढं जे झालं ते पाहता, एवढ्या कमी शब्दांत एवढा अचूक अंदाज त्या प्रकल्पात दुसऱ्या कुणीही दिला नाही.

प्रयोग असा होता. अ टब, गुलाबी: तळ्याच्या चांगल्या काठाचं पाणी. ब टब: तळ्यात नाला उतरतो तिथलं पाणी. क आणि ड: चांगल्याच काठाचं पाणी, पण त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, क मध्ये थोडं, ड मध्ये जास्त. प्रत्येकात बारा शिंपले. अ हा मापदंड. बाकी तिघांना त्याच्याशी ताडून पाहायचं. झुलाल दिवसाआड संध्याकाळी चार कॅन भरून आणायचा. क आणि ड च्या कॅनमध्ये निर्मलकुमार तेव्हाच मोरचूद विरघळवून ठेवायचा आणि घरात कुणी चुकून वापरू नये म्हणून त्या दोन्हींवर त्यानं लाल शाईनं कवटी काढली होती. कवटी फार छान आली होती. तिच्यावर त्यानं अर्धा तास घालवला होता. रात्रभर पाणी निवळू द्यायचं आणि सकाळी बरोबर आठ वाजता चारही टबांचं पाणी बदलायचं.

चौदा दिवसांत सात वेळा पाणी बदललं. वहीत प्रत्येक वेळचं तापमान आहे, एक दशांश अंशापर्यंत. शेऱ्याच्या रकान्यात ब पुढं 'गढूळ, वास', क आणि ड पुढं 'किंचित गढूळ' असं लिहिलेलं आहे. अ पुढं पहिल्या दिवशी 'किंचित गढूळ', आणि त्यानंतर सातही वेळा एकच शब्द: 'निर्मळ'. तो लिहिताना आपल्या नावाशी जुळतं म्हणून त्याला बरंही वाटलं होतं. चांगलं पाणी किती चांगलं असतं, याचं त्याला कौतुक वाटलं. त्याच तळ्याचं, त्याच काठाचं पाणी क आणि ड मध्ये गढूळ का, हा प्रश्न त्याला पडला नाही. तापमान मोजण्यात तो फार गुंतला होता.

बारा नोव्हेंबरला चार ओल्या गोणपाटाच्या पिशव्या घेऊन तो धुळ्याच्या एस.टी.त बसला. पिशव्यांत गोंधळ नको म्हणून अ च्या पिशवीला त्यानं गुलाबी दोरा बांधला होता. मांडीवरच्या पिशवीतून पाणी ठिबकायला लागलं तेव्हा शेजारच्या म्हातारबाबांनी पाय आखडून घेतले.

"काय शे रे, पोऱ्या?"

"शिंपले आहेत, आबा."

"कोठे ली चालना?"

"धुळ्याला. तपासायला."

"आजारी शेत का?" म्हातारबाबांनी विचारलं, आणि पारोळ्याला उतरेपर्यंत ते सगळ्या गाडीला सांगत होते की शिंपल्यांचाही आता दवाखाना निघाला आहे, धुळ्याला.

धुळ्याच्या कॉलेजात सुट्टी होती, पण त्याच्या मार्गदर्शकांकडे, देवरे सरांकडे, प्रयोगशाळेची किल्ली होती. डॉ. अभिमन देवरे शेतकऱ्याच्या घरातले, साक्रीकडचे. बोलायचे कमी आणि विचारायचे जास्त. तीन दिवस निर्मलकुमारनं कात्री चालवली. पहिल्या शिंपल्याला त्याचा हात थांबला, दुसऱ्यालाही, आणि अकराव्याला तो थांबला नाही. ही गोष्ट त्यानं वहीत लिहिली नाही, पण त्याच्या लक्षात राहिली.

मग ऑर्सिनॉलचा हिरवा आला, डी.एन.ए.साठीचा निळा आला, कलरीमीटरची सुई हलली आणि आकडे लागले. डी.एन.ए. पेशीत ठरलेला असतो, आर.एन.ए. कामाप्रमाणे कमीजास्त होतो. त्यामुळे डी.एन.ए.च्या मानानं आर.एन.ए. जितका जास्त तितका जीव धडधाकट. आकडे असे होते: ड, १.२३. क, १.५२. ब, १.६४. अ, ०.९१.

निर्मलकुमारनं पुन्हा मोजलं. अ, ०.९०.

म्हणजे मोरचुदाच्या पाण्यातले शिंपले ठीक होते, नाल्याच्या पाण्यातले उत्तम होते, आणि निर्मळ पाण्यातले मरायला टेकले होते.

अशा वेळी शहाणा माणूस काहीतरी चुकलं म्हणतो. निर्मलकुमारनं तासाभरात सिद्धान्त काढला. थोडं विष जिवाला उत्तेजित करतं. सौम्य प्रदूषणानं जनुकं खडबडून जागी होतात. निर्मळ पाण्यात मात्र ती आळशी पडतात. चौकोनाच्या दहा ओळी त्यानं पेन्सिलीनं भरल्याही. 'प्रथमच' हा शब्द दोनदा आला.

सरांनी कागद वाचला. "मग आता तळ्यात आणखी दोन नाले सोडायला सांगू या का?"

"सर, तसं नाही—"

"अ नं काय खाल्लं?"

"तळ्याचं पाणी, सर."

"पाणी प्यायला. खाल्लं काय?"

"पाण्यातच असतं ना, सर. शेवाळ, कण..."

"तेच पाणी क ला, तेच ड ला. शिवाय त्यांना विष. तरी ते जाडे आणि हा रोडका. कसा?"

निर्मलकुमारनं आकड्यांचा कागद पुन्हा पाहिला. मग त्याच्या तोंडातून आपोआप निघालं, "सर, पिशव्या बदलल्या असतील. अ आणि ब."

"असतील, की बदलल्यात?"

"बघावं लागेल."

"मग बघ. अ च नसेल तर बाकीच्यांना कशाशी ताडणार आहेस? आठ-दहा दिवसांनी ये. फॉर्म घेऊन ये. सही कुठं पळून जात नाही." सर किल्ली फिरवत उठले. "आणि ते 'प्रथमच' काढ."

परतीच्या एस.टी.त निर्मलकुमारनं मांडीवर वही ठेवून दुसरा आलेख काढला. फक्त दोन अक्षरं बदलायची होती. अ च्या जागी ब, ब च्या जागी अ. चांगलं पाणी १.६४, थोडं मोरचूद १.५२, जास्त मोरचूद १.२३, नाला ०.९१. आलेख पायऱ्यांसारखा उतरत आला, इतका सुबक की त्या अकरा पानी लेखातसुद्धा तसा नव्हता. समुद्रकाठची जागा त्या आलेखाच्या टोकाला दिसत होती, आणि यावेळी भरती होती.

गुलाबी दोऱ्याची गोष्ट सरांना माहीत नव्हती. ती फक्त निर्मलकुमारला माहीत होती. पिशव्या बदलल्या नव्हत्या. ०.९१ त्याच बारांचा होता. तरी एरंडोल येईपर्यंत त्यानं स्वतःला दोन वेळा पटवलं की दोरा सुटून दुसऱ्या पिशवीला अडकू शकतो. दोऱ्याला त्यानं स्वतः दुहेरी गाठ मारली होती, आणि गाठ धुळ्यात कात्रीनंच कापावी लागली होती.

घरी पोचला तर झुलाल दारात सायकल टेकवून उभा.

"भाऊ, पानी आते बंद का?"

"हो, झुलालभाऊ. झालं काम."

"मंग तांब्या बी बंद का?"

"कसला तांब्या?"

"तो, भुआबाईना. माले देतस ना तांब्याभर पानी. म्हनतस, जठेन पानी आनं तठेच सोडी ये. मी रोज सोडी ये. माले वाटनं तुमले माहीत शे."

निर्मलकुमार दारातच उभा राहिला. त्याला एकदम वहीचा शेऱ्याचा रकाना दिसला. निर्मळ, निर्मळ, निर्मळ. सात वेळा.

भुआजी आत मूग निवडत होत्या.

"भुआजी, माझ्या कॅनमधलं पाणी तुम्ही गाळत होता?"

"एकाच कॅनमधलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "चांगल्या. नळाचं गाळून झालं की ते गाळायचे, आणि कॅन धुऊन परत भरून ठेवायचे. तू आठला येतोस, तोवर माझं आवरलेलं असायचं."

"पण का?"

आता मान वर आली. "का म्हणजे? या घरात बिनगाळलेलं पाणी मी कुणाला देते? पाहुण्याला देत नाही, दारच्या गाईला देत नाही. मग घरात राहायला आलेल्यांना कसं देऊ?"

"आणि बाकीचे तीन कॅन?"

"नाल्याच्या पाण्याला माझं गळणं लावू होय रे? आणि त्या दोघांवर तू राक्षस काढलास."

"कवटी आहे ती."

"असेल."

निर्मलकुमार त्यांच्यासमोर खाली बसला. त्यानं सगळं सांगितलं, शिकवायला बसल्यासारखं, पहिल्यापासून. शिंपला पाणी गाळतो, पण तो पाण्यासाठी गाळत नाही. पाणी तो सोडून देतो. गाळण्यात जे अडकतं, बारीक शेवाळ, डोळ्यांना न दिसणारे जीव, तेच त्याचं जेवण. ते गळण्यात राहिलं, तांब्यात उतरलं आणि झुलालच्या सायकलवरून तळ्यात परत गेलं.

भुआजींचे हात मुगात थांबले. "म्हणजे त्यांचं ताट मी रोज परत पाठवलं?"

"दिवसाआड. सात वेळा."

"आणि ते चौदा दिवस उपाशी राहिले?"

"हो."

"बारा जण?"

"हो."

"तरी एकही गेला नाही." त्यांच्या आवाजात क्षणभर आदर आला. भुआजींनी स्वतः पर्युषणात अठ्ठाई केली होती, आठ दिवस फक्त पाण्यावर. त्यांना चौदाचा अंदाज होता. मग त्यांनी विचारलं, "आता धुळ्याला खाऊन-पिऊन आहेत ना?"

निर्मलकुमारला तीन वेगवेगळी उत्तरं सुचली. तिन्हींत 'व्यवस्था' हा शब्द होता. पिशवीत दुसरा आलेख होता, त्यातही अशीच एक व्यवस्था होती. त्याला दोन्हींची एकदमच शिसारी आली, आणि त्यानं वहीत लिहितात तसं उत्तर दिलं.

"अठ्ठेचाळीसपैकी शून्य."

भुआजींनी मुगाची परात बाजूला ठेवली.

"कापावे लागतात," तो म्हणाला. "आर.एन.ए. आत असतो. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

तो रागावण्याची वाट पाहत होता. रागावणं त्याला चाललं असतं, त्यावर त्याच्याकडे मुद्दे होते. भुआजी उठल्या, मागच्या पडवीत गेल्या, गुलाबी टबासमोर उभ्या राहिल्या. टब पालथा ठेवलेला होता. त्यांनी हात जोडले आणि क्षमा मागत हळू म्हटलं, "मिच्छामि दुक्कडम्."

परत येताना त्या म्हणाल्या, "छत्तीस तुझे. बारा आपल्या दोघांचे. माझं मी बघते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला. निर्मलकुमार समोर बसून जेवला आणि त्याला तेवीस वर्षांत पहिल्यांदा पोळ्या मोजाव्याशा वाटल्या. दोन झाल्या. दुसरा आलेख त्यानं फाडला नाही. वहीत चिकटवला आणि खाली लिहिलं: 'चूक. उद्देश: सही.'

मग फॉर्मचा चौकोन पुन्हा रिकामा झाला. पंधरा दिवस उरले होते, टपालाचे वजा जाता अकरा.

तिसऱ्या दिवशी भुआजींनीच विषय काढला. "त्यांना मारल्याशिवाय विचारताच येत नाही का काही?"

"येतं," निर्मलकुमार म्हणाला. "पण ती फार जुनी रीत आहे."

"मग?"

"त्यात जनुक नाही, भुआजी. नुसतं गढूळ पाणी."

"जुनी म्हणजे खोटी?"

"नाही. साधी."

"तू अवघड केलंस तेव्हा काय झालं?" भुआजींनी विचारलं. त्याच्याकडे त्याचं उत्तर चार दशांश चिन्हांसकट तयार होतं. त्यानं ते दिलं नाही.

रीत खरंच साधी होती. शिंपल्याला पाणी बाधलं की तो शिंपा मिटून बसतो आणि गाळणं मंदावतं. म्हणून तो किती गाळतो तेवढंच मोजायचं. झुलालनं चोवीस शिंपले आणले, "आते यास्ना बी दवाखाना का?" असं विचारलं, म्हणजे पारोळ्याची बातमी जळगावला पोचली होती. बारा तळ्याच्या पाण्यात, बारा नाल्याच्या. भुआजींच्या अटी दोन: संपल्यावर चोवीसच्या चोवीस मोजून, चांगल्या काठावर सोडायचे, आणि बिनगाळलेलं पाणी घरात आहे तोवर पडवीचं दार बंद ठेवायचं, कारण त्यांना ते बघवत नाही. सात दिवस दार बंद राहिलं. आठ वाजता दाराआडून प्रश्न यायचा, "जेवले?"

चोवीस नोव्हेंबरला सकाळी पडवीत चार बादल्या मांडल्या. प्रत्येकीत बारा लिटर पाणी आणि मोजून घातलेली, पिठाहून बारीक काळी माती. पहिलीत तळ्याचे बारा शिंपले, दुसरीत नाल्याचे बारा, तिसरीत एकही नाही. चौथी, गळण्यातून काढलेल्या पाण्याची, भुआजींमुळे आली.

"माझ्या गळण्यापेक्षा चांगलं गाळतात का?" त्यांनी विचारलं होतं.

"माहीत नाही."

"मग तेही मोज."

तासाभरानं मोजणी. देवरे सरांकडून आणलेली काचेची उभी नळी, तळाशी चिकटवलेलं एक छापील अक्षर. वरून डोकवायचं आणि पाणी ओतत जायचं. अक्षर दिसेनासं झालं की पाण्याची उंची लिहायची. पाणी जितकं स्वच्छ तितकी उंची जास्त. निर्मलकुमार स्वतःच वाचायला वाकला, तेव्हा भुआजींनी त्याला बाजूला केलं.

"तुला कुठलं पाणी कुठलं ते माहीत आहे. तुला हवं तेवढं दिसेल."

हे त्या लेखाच्या नवव्या पानावरही होतं, पण लांबलचक वाक्यात. म्हणून निर्मलकुमारनं पाठमोरं होऊन पाणी भरायचं, हळूहळू ओतायचं, आणि वैशाखात उघडलेल्या दोन डोळ्यांनी वरून पाहून भुआजींनी सांगायचं. झुलाल बादल्यांची अदलाबदल करायला होता. त्याला विनोद सुचत होते, पण भुआजींचा चेहरा पाहून तो गप्प होता.

"आहे... आहे... आहे... गेलं."

"आहे... गेलं."

प्रत्येक बादली तीनदा. बारा मोजण्या. भुआजींनी एकदाही विचारलं नाही की ही कुठली.

दुपारी झुलालसोबत तळ्यावर जाऊन शिंपले सोडून आल्यावर निर्मलकुमारनं फॉर्मचा चौकोन शाईनं भरला. दहातल्या सात ओळी लागल्या. पहिल्या दोन ओळींत त्यानं आधीचा प्रयोग का फसला ते लिहिलं. 'प्रथमच' कुठंच आलं नाही, जनुकंही नाहीत. दुसऱ्या दिवशी धुळ्याला देवरे सरांनी तो उभ्यानं वाचला, शेवटच्या ओळीशी थांबले.

"हे काय?"

"भुआजींचं गळणं, सर."

सर पुन्हा पहिल्या ओळीवर गेले, आणि तिथून पुन्हा खाली आले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सही केली. चौकोनातल्या शेवटच्या पाच ओळी अशा होत्या:

तळ्याच्या पाण्यात सात दिवस राहिलेले शिंपले, बारा: ३४.५ सेंटिमीटर.

नाल्याच्या पाण्यात सात दिवस राहिलेले शिंपले, बारा: १३.० सेंटिमीटर.

शिंपले नसलेली बादली: ७.५ सेंटिमीटर.

परत सोडलेले शिंपले: चोवीस; जिवंत, चोवीस.

मांजरपाट, दुहेरी: ८.० सेंटिमीटर.